बाबांचा फ्लॅट : बक्षीसपत्र करायचं की मृत्युपत्र?

माहेरवाशीण | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ. थोडं लांबेल.

बाबा ७९, आई ७३. कोथरूडला दोन खोल्या-किचनचा फ्लॅट, बाबांनी १९९१ साली नोकरीत असताना कर्ज काढून घेतलेला, एकट्या बाबांच्या नावावर. दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं तिथेच राहतात. मी लग्न होऊन नाशिकला. शिवाय गावाकडे, कोरेगाव तालुक्यात, सव्वादोन एकर जमीन. तिच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. आजोबा २००३ साली गेले.

दिवाळीपासून दादाचं एकच टुमणं चालू आहे, फ्लॅटचं बक्षीसपत्र करून टाका. मृत्युपत्राला नंतर कोणीही आव्हान देतं, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) काढावं लागतं, वर्षं जातात. बक्षीसपत्राला दोनशे रुपयांत काम होतं. वर सोसायटीत नॉमिनी तोच. "तसंही माझंच आहे, नुसता कागद करायचाय," असं म्हणतो. मसुदा तयार आहे. बाबा दुपारी हो म्हणतात आणि संध्याकाळी मला फोन करून विचारतात, "मी सही केली का गं?" न्यूरोलॉजिस्टनी विसराळूपणाची सुरुवात सांगितली आहे, गोळ्या चालू आहेत. आई काहीच बोलत नाही.

मला वाटा हवाय म्हणून हे लिहितेय असं कृपया समजू नका. (हवा असला तर काय बिघडलं, पण तो विषय निराळा.) आईचं पुढे काय, हे मला कळत नाहीये. आणि दादा त्याच दमात म्हणाला, गावच्या जमिनीचं हक्कसोडपत्रही करून दे, एकाच खेपेत उरकू.

पेन्शनर_काका | शनिवार, रात्री ११:०५

ताट द्यावं पण पाट देऊ नये. संपलं. वडिलांना सांगा, सही करू नका.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला एक तरी असा येतो. मुलगा वाईट असतोच असं नाही. पण घर नावावर झालं की बोलण्याचा सूर बदलतो. टीव्हीचा आवाज कमी करा, पाहुणे किती दिवस राहणार, अशी सुरुवात होते.

ओसरी | रविवार, सकाळी ७:५०

काका, तुमच्या संघात सुना येतात का हो कधी?

मी त्या दुसऱ्या बाजूची आहे. सासरे अंथरुणाला खिळून होते तेव्हा डायपर, आंघोळ, रात्रीची औषधं, सगळं मी केलं. नणंदा दिवाळीत आणि राखीला आल्या. ते गेले आणि कागद काहीच नव्हता, म्हणून घर सासूबाई, नवरा आणि दोन नणंदा यांच्यात चार ठिकाणी. कायद्याने बरोबर असेल. पण त्यात माझ्या कष्टाचा रकाना कुठेच नव्हता.

ताई, तुमच्यावर राग नाही. पण तुमच्या वहिनी काय करतात तेही एकदा लिहा. बक्षीसपत्राचा हट्ट कधी कधी हावरटपणातून येत नाही, भीतीतून येतो. सगळं करून शेवटी रस्त्यावर, ही भीती.

माहेरवाशीण | रविवार, सकाळी ९:१५

ओसरी, खरं आहे. वहिनी खूप करते. बाबा रात्री दार उघडून खाली जातात, तेव्हा उठून त्यांना परत आणणारी तीच आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

काळा_कोट | रविवार, दुपारी १२:३०

दिवाणी वकिली करते, त्यामुळे सविस्तर लिहिते. शेवटी कागद दाखवून स्थानिक वकिलाचा सल्ला घ्याच.

दादांचे तीन मुद्दे आहेत आणि तिन्ही अर्धवट आहेत.

प्रोबेट. ती अट मुंबईत केलेल्या मृत्युपत्रांची आणि मुंबई शहरातल्या मिळकतींची होती, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तीही कायद्यातून काढून टाकली. कोथरूडच्या फ्लॅटला ती कधीच नव्हती. मुंबईच्या नातेवाइकांकडून ऐकलेलं पुण्यात सांगत फिरतात लोक.

दोनशे रुपये. राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं किंवा मयत मुलाची बायको यांना केलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, हे खरं. स्थानिक अधिभार वगैरे त्यावर निराळे. पण मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नाही. साध्या कागदावर, हाताने लिहिलेलंही चालतं, नोंदणी ऐच्छिक आहे. तेव्हा स्वस्ताईसाठी बक्षीसपत्र, या म्हणण्यात दम नाही.

नॉमिनी. सोसायटीतला नॉमिनी मालक होत नाही. सहकार कायद्यात २०१९ साली जी सुधारणा झाली तिच्यानुसार सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, कायदेशीर वारस ठरेपर्यंत. फ्लॅट कोणाचा हे मृत्युपत्र ठरवतं, ते नसेल तर वारसा कायदा. बाबा काहीच न करता गेले तर आई, दादा आणि तुम्ही, तिघांना सारखा एकतृतीयांश. बाबांची आई हयात असती तर तिलाही एक वाटा आला असता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता बक्षीसपत्राचा खरा धोका. नोंदणी झाली त्या मिनिटाला बाबांची मालकी संपते. मृत्युपत्र बाबा मरेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतात, बक्षीसपत्र मनात आलं म्हणून फिरवता येत नाही. आणि दादा सज्जनच आहेत असं धरून चाला. उद्या त्यांनी धंद्यासाठी त्या फ्लॅटवर कर्ज काढलं आणि हप्ते थकले, तर बँक आईकडे बघत नाही. देव न करो, दादाच आधी गेले तर घर वहिनी, मुलं आणि आई यांच्यात वाटलं जाईल, म्हणजे आई स्वतःच्या घरात चौथा हिस्सा घेऊन बसेल आणि बाबांच्या हाती काहीच नसेल. हे सगळं कोणाच्याही दुष्टपणाशिवाय घडू शकतं.

कऱ्हाडकर | रविवार, दुपारी १:१०

पण २००७ चा कायदा आहे ना? मुलाने सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द होतं. पेपरात सारखं येतं.

काळा_कोट | रविवार, दुपारी २:००

आपोआप होत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३. हस्तांतर करताना 'घेणारा माझ्या मूलभूत गरजा आणि सोयी बघेल' अशी अट असेल आणि त्याने ती पाळली नाही, तर ते रद्दबातल ठरवून मागता येतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे, नुसता प्रेमापोटी लिहून दिलेला कागद पुरेसा नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायचा असं सांगितलं आणि घराचा ताबाही तिला परत द्यायला लावला. पण तिथे मुलाने 'शेवटपर्यंत सांभाळेन' असं लेखी दिलेलं होतं.

तुमच्याकडचा मसुदा बघा. नेहमीचा 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी' असेल आणि सांभाळाबद्दल एक ओळ नसेल, तर उद्या आईबाबांनी प्रांत कार्यालयात अर्ज केला की पहिला वाद त्यावरच होणार.

या कायद्याखालचं न्यायाधिकरण म्हणजे प्रांतच, उपविभागीय अधिकारी. पोटगी मागता येते, कमाल मर्यादा महिना दहा हजार. अर्ज साध्या कागदावर होतो. पण एक सांगते, त्या व्हरांड्यात मुलाशेजारी बसून तारखेची वाट बघणारे ऐंशीचे आजोबा मी पाहिलेत. कायदा आहे म्हणून घर देऊन टाका, असं मी कधीही सुचवणार नाही.

पेन्शनर_काका | रविवार, दुपारी २:२०

तेच मी एका ओळीत सांगितलं होतं.

जुनी_वही | रविवार, सायंकाळी ६:४५

बँकेतून निवृत्त. फ्लॅटचं वकीलताई बघताहेत, मी पैशाचं सांगतो.

आईला महिन्याला रोख लागणार आहे, आणि या धाग्यावर अजून कोणी ते विचारलं नाही. बाबांचं पेन्शन खातं आईबरोबर संयुक्त आहे का, 'दोघांपैकी एक किंवा हयात' अशा सूचनेचं? नसेल तर सोमवारीच करा. फॅमिली पेन्शनसाठी आईचं नाव आणि जन्मतारीख पेन्शनच्या कागदावर आणि आधारवर जुळतात का बघा. 'सुमन' आणि 'सुमनबाई' एवढ्या फरकापायी विधवा बायका खेटे घालताना रोज बघायचो. मुदत ठेवींवर नॉमिनी कोण? १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात, ठेवीत प्रत्येकाचा टक्काही लिहिता येतो. लॉकरला मात्र एकामागून एक असाच क्रम. पण बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते ती वारसांच्या वतीने सांभाळायला. एलआयसीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ ला ते सांगितलं होतं (विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर नियम वेगळा आहे), शेअरच्या बाबतीत २०२३ मध्ये. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळतं ठेवा, म्हणजे भांडायला जागा उरत नाही.

बाबांना बँकेत नेणं जमत नसेल तर बँकेचा माणूस घरी येऊन अंगठा घेऊ शकतो. काउंटरवर नाही म्हटलं तर मॅनेजरला भेटा.

माहेरवाशीण | रविवार, रात्री ९:३०

संयुक्त नाहीये खातं. एटीएम कार्ड दादाकडे आहे. आणि बाबांनी मागच्या वर्षी त्याला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) दिलंय, सगळ्या व्यवहारांचं. त्याने ते बाबांच्या पश्चातही वापरता येईल का?

काळा_कोट ताई, बाबांना विसरायला होतं, तर मृत्युपत्र तरी चालेल का? आणि जमिनीचं?

काळा_कोट | रविवार, रात्री १०:५०

कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. इतकंच नाही, देणाऱ्याची समज गेली तरी कायद्याने ते संपतं. म्हणजे ज्या वेळी त्याची सगळ्यात जास्त गरज पडते नेमकं तेव्हाच ते निकामी. त्यानंतर मोठे निर्णय घ्यायचे तर अशा रुग्णासाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या रुग्णांसाठी असे आदेश दिलेले आहेत. बाबा आत्ता ठीक असताना ते कुलमुखत्यारपत्र रद्द करू शकतात, किंवा मर्यादित करू शकतात: औषधपाणी, वीजबिल, पेन्शन एवढ्यापुरतं. घर विकण्या-देण्याचा अधिकार त्यातून काढाच.

विसराळूपणा आणि मृत्युपत्र. निदान झालं म्हणजे हक्क गेला असं नाही. सही करताना त्या माणसाला आपली मिळकत काय, आपली माणसं कोण आणि आपण काय करतोय हे कळत असलं पाहिजे. म्हणून वेळ दवडू नका. सकाळी ते ताजेतवाने असतात तेव्हाची वेळ धरा. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या, शक्यतो उपचार करणाऱ्या न्यूरोलॉजिस्टचं. दोन साक्षीदार लागतात, दोघांनीही बाबांच्या समोर सही करायची. साक्षीदार कोणाला काही मिळणार नाही असे हवेत. हिंदूंच्या मृत्युपत्रात लाभ घेणाऱ्याने साक्ष केली म्हणून तेवढ्याने त्याचा लाभ रद्द होत नाही, पण संशयाला आमंत्रण मिळतं. आणि मसुदा बाबांच्या मराठीत असू द्या. इंग्रजीत 'व्हेअरॲज' लावून लिहिलेलं मृत्युपत्र मराठी शाळेतल्या माणसाने वाचलं हे कोर्टाला पटवणं अवघड जातं.

नोंदणी करून घ्या. सक्तीची नसली तरी तुमच्या परिस्थितीत मी आग्रह धरीन. जिना उतरणं शक्य नसेल तर योग्य कारण देऊन दुय्यम निबंधकांना घरी बोलावता येतं.

आणि ताई, राग मानू नका, मसुदा दादाने आणला म्हणून जे मी म्हणते तेच तुम्हालाही लागू. ज्याला मिळकत मिळणार त्यानेच सगळी धावपळ केली, तर १९५९ पासून सर्वोच्च न्यायालय अशा मृत्युपत्राकडे संशयाने बघायला सांगतंय. वकील बाबांनी ठरवावा, खोलीत तुम्ही दोघंही नसावं.

आत काय लिहायचं ते बाबांनी ठरवायचं, पण एक पर्याय सांगते: फ्लॅट आईला हयातभर, नंतर दादा आणि तुम्ही, बाबांना योग्य वाटेल त्या हिश्श्याने. ओसरी म्हणतात ते इथे बसवता येतं. वहिनीने केलेल्या सेवेबद्दल दादाला किंवा थेट तिला जास्त हिस्सा द्यावा आणि कारण स्पष्ट लिहावं. स्वकष्टार्जित मिळकत आहे, बाबांना पूर्ण मुभा आहे. फक्त 'हयातभर' हा शब्द जपून वापरायचा. हिंदू विधवेला तिच्या पोटगीच्या हक्कापोटी मिळकत दिली असं कोर्टाला वाटलं, तर तो मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलू शकतो. १९७७ च्या तुलसम्मा प्रकरणापासून यावर खंडीभर निकाल आहेत. म्हणून इंटरनेटवरचा नमुना उतरवू नका.

जमिनीचं उद्या.

ओसरी | रविवार, रात्री ११:१५

"थेट तिला." हे वाचून बरं वाटलं.

कऱ्हाडकर | सोमवार, सकाळी ८:२०

जमिनीचं मी सुरू करतो, आमचं नुकतंच पार पडलंय. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असेल तर हक्कसोड कसलं करता? आधी वारस नोंद. आजोबांचा मृत्यूचा दाखला, वारसांची यादी असलेलं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे नाहीतर ई-हक्क पोर्टलवर अर्ज. नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीला, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, मंजूर करतो. २०२५ साली सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी, मेलेल्यांची नावं कमी करून वारसांची लावायला. आणि यादीत आत्यांची नावं घाला! आमच्याकडे भाऊबंदांनी दोन आत्या गाळल्या होत्या. एक आत्या स्वतः एसटीने येऊन तलाठ्यासमोर उभी राहिली, म्हणाली मी मेले का?

काळा_कोट | सोमवार, दुपारी १:४५

कऱ्हाडकरांच्या आत्यांना नमस्कार. फेरफारात नाव लागलं म्हणून मालकी मिळत नाही आणि गाळलं म्हणून जातही नाही, पण गाळलेलं नाव परत लावायला आयुष्य जातं.

ताई, जुने फेरफार काढा आणि आजोबांना जमीन कशी आली ते बघा. ती त्यांच्या वाडवडिलांकडून एकत्र कुटुंबाची म्हणून आली असेल तर तुम्ही जन्माने दादाइतक्याच सहहिस्सेदार आहात. २००५ च्या दुरुस्तीने ते दिलं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने स्पष्ट केलं की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असोत-नसोत, फरक पडत नाही. पण आजोबांनी ती स्वतः विकत घेतली असेल तर ती बाबा, काका, आत्या आणि आजी यांच्यात वाटली गेली. त्यातला बाबांचा वाटा सध्या बाबांचा स्वतःचा. तुमचा त्यात आज हक्कच नाही, मग सोडणार काय? वडील हयात असताना पुढे मिळू शकणाऱ्या वारशाची आशा कायद्याने हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे दादा जे मागताहेत ते एका परिस्थितीत तुमचं खरंखुरं नुकसान आहे आणि दुसऱ्या परिस्थितीत निव्वळ कागद वाया. दोन्हीकडे आज सही करायचं कारण दिसत नाही.

सातासमुद्र | सोमवार, रात्री ८:१०

टोरांटोहून. थोडं बाजूचं विचारतोय. माझी मावशी विधवा, मूलबाळ नाही, शिक्षिका होती, डोंबिवलीचा फ्लॅट तिने स्वतःच्या पगारातून घेतला. तिला वाटतं तिच्यामागे आपोआप आम्हा भाच्यांना मिळेल. मृत्युपत्राचं नाव काढलं की म्हणते, मला मारायला निघालात का.

काळा_कोट | सोमवार, रात्री ९:००

मुळीच मिळणार नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, नवरा-मूल नसलं, तर तिची स्वकष्टाची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. फक्त माहेरहून वारशाने आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परतते.

नारायणी देवींचं प्रकरण मावशींना सांगा. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी हाकलून दिलं, माहेरी राहून शिकल्या, नोकरी केली, पैसा साठवला, मृत्युपत्र न करता गेल्या. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूती असूनही ती सगळी मिळकत नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली, कारण कायदाच तसा आहे. ज्या सासरने दार लावलं त्याच सासरला.

आणि तुम्हाला तिकडून काही कागद करून पाठवायचे असतील तर: परदेशात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं.

म्हादई | सोमवार, रात्री १०:२५

तुमचं वाचून गंमत वाटते. आमच्या गोव्यात बापाला सगळं घर एकाच मुलाला मृत्युपत्राने देताच येत नाही. करार न करता लग्न झालं असेल तर अर्धं बायकोचं असतंच. उरलेल्या अर्ध्यातला निम्मा वाटा मुलांसाठी राखीव, मुलगा-मुलगी सारखेच. विकायचं तर जावयाची, सुनेचीही सही लागते. म्हणून आमच्याकडची घरं दहा-दहा सह्यांसाठी कुलूप लावून पडलेली असतात, ते एक वेगळंच दुखणं. पण म्हातारीला घराबाहेर काढणं अवघड.

पेन्शनर_काका | सोमवार, रात्री १०:४०

पोर्तुगिजांनी एवढं एक बरं केलं म्हणायचं.

माहेरवाशीण | शुक्रवार, रात्री ९:५५

पुण्याला जाऊन आले. सगळ्यांना एकत्र सांगते.

दादाशी भांडण झालंच. पण आम्हा दोघांची ओरड थांबल्यावर मी वहिनीला बाजूला घेतलं आणि ओसरींचं पोस्ट वाचायला दिलं. ती बराच वेळ मोबाइल धरून बसली. मग म्हणाली, मला घर नको, मला लिहिलेलं हवंय की मी इथे होते. दादाला मसुद्यात सांभाळाची अट घाल म्हटल्यावर तो चिडला. मग आईच बोलली, पहिल्यांदा. "माझ्या घराबद्दल मला कोणी विचारलं का?"

सध्या एवढं ठरलंय: बक्षीसपत्र बाजूला. बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राच्या ओळखीच्या वकिलांकडे बाबा आणि आई दोघंच जाणार. पेन्शन खातं संयुक्त करायचा अर्ज दिला. हक्कसोडला मी नाही म्हटलं. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, मग गावाला जाऊन जुने फेरफार काढतो म्हणाला. आईही स्वतःचं मृत्युपत्र करणार आहे, दागिन्यांचं आणि तिच्या पोस्टातल्या पैशांचं. मला ते सुचलंही नव्हतं.

एक शंका: साक्षीदार म्हणून बाबांना खालच्या मजल्यावरचे त्यांचे मित्र हवेत, वय ८१. चालतील?

काळा_कोट | शुक्रवार, रात्री १०:३०

कायद्याने चालतील. पण मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायला किमान एक साक्षीदार हजर लागतो, तो हयात असेल तर. एक ते काका असू द्या, बाबांना धीर येईल. दुसरा चाळिशी-पन्नाशीतला, पुण्यातच राहणारा बघा; डॉक्टर तयार असतील तर उत्तमच. दोघांचे पत्ते आणि फोन नंबर मृत्युपत्रात लिहा. मूळ प्रत कपाटात दादाच्या किंवा तुमच्या ताब्यात नको, आईच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवा आणि लॉकरला नॉमिनी आहे ना ते बघा.